पिझ्झा म्हणजे वळण नव्हे

मित्रांसोबत पहिल्यांदा स्कीइंगला गेलेल्या प्रत्येकाला एक शब्द हमखास ऐकू येतो: पिझ्झा. स्कीची पुढची टोकं जवळ आणायची, मागची फाकवायची, म्हणजे पिझ्झाच्या तुकड्यासारखा आकार होतो; आतल्या कडा बर्फात रुतवायच्या, की वेग कमी होतो. याचंच रीतसर नाव स्नोप्लाऊ. हे बहुतेकांना पहिल्याच दिवशी जमतं, म्हणून त्यावर जास्त लिहीत नाही.

घोळ त्याच्या पुढे आहे. पिझ्झा जमला म्हणजे वेग ताब्यात आला, असं मित्र मानतात आणि नवशिक्यालाही पटवून देतात. पण ब्रेक लावणं वेगळं आणि वेग ताब्यात ठेवणं वेगळं. स्कीवर वेग ताब्यात राहतो तो वळणांमुळे.

उतारावर पाणी ओतलं तर ते ज्या दिशेने वाहील, ती फॉल लाइन. पिझ्झा करून त्या रेषेवरून सरळ उतरताना उतार तुम्हाला पूर्ण जोराने ओढत असतो आणि तुमच्या मांड्या त्याच्याशी झुंजत असतात. 6 अंशांच्या उतारावर ही ओढ वजनाच्या साधारण एक दशांश असते, ती झेपते. 12 अंशांवर ती दुप्पट होते. मग माणूस पाय आणखी फाकवतो, घाबरून मागे रेलतो, स्कीच्या पुढच्या भागावरचा भार जातो आणि उरलासुरला ताबाही सुटतो. नेमकं तेव्हाच खालून कुणीतरी ओरडतं, ‘अजून मोठा पिझ्झा!’ हा सल्ला ऐकला की माझा संताप होतो.

वळण त्या ओढीशी झुंजत नाही, तिला कमी करतं. स्कीची दिशा फॉल लाइनपासून 60 अंश वळली की ओढ निम्मी होते, 90 अंशांवर पुढे ढकलणारं काही उरतच नाही. आणखी थोडं वळून तोंड चढाकडे केलं, तर उतारच तुम्हाला थांबवतो. मांड्यांना श्रम जवळजवळ नाहीत.

आता खरी मेख. वळताना पायांचा आकार पिझ्झाचाच असतो, म्हणून दोन्ही गोष्टी एकच वाटतात. फरक भारात आहे. ब्रेक लावताना दोन्ही स्कींवर सारखा भार असतो. वळताना तो बाहेरच्या स्कीवर जातो. डावीकडे वळायचं तर उजव्या पायावर. सायकल चालवणाऱ्याला हे उलटं वाटतं. तो सवयीने आत झुकतो, भार आतल्या स्कीवर पडतो आणि वळण होतच नाही.

त्यातही अवघड आहे तो वळणाचा मधला क्षण. एका तिरक्या दिशेकडून दुसरीकडे जाताना स्की क्षणभर सरळ खाली बघतात आणि वेग वाढतो. नवशिका इथेच बिचकतो, दोन्ही पाय जोरात फाकवतो. भार दोन्हीकडे सारखा झाला, म्हणजे वळण थांबलं, आणि जी दिशा नको होती तिथेच तो अडकला. मोठ्या पिझ्झाने वळण मोडतं ते असं. त्या क्षणी करायचं इतकंच: नडग्या बुटाच्या पुढच्या भागाला टेकलेल्या ठेवायच्या, बाहेरच्या पायावर उभं राहायचं आणि वळण पूर्ण होऊ द्यायचं.

पॅरलल वळणं (दोन्ही स्की समांतर ठेवून घेतलेली), पोल म्हणजे हातातल्या काठ्या कुठे टेकायच्या वगैरे पुढचं पुढे. पहिल्या दिवशी पोल नसले तरी चालतं. माझ्या मते नसलेलेच बरे. ऑस्ट्रियाच्या आर्लबर्ग भागात हानेस श्नायडर यांनी बसवलेली शिकवण्याची पद्धतही स्नोप्लाऊपासून सुरू होऊन वळणांकडे जाते. स्नोप्लाऊ ही तिथे पहिली पायरी असते, मुक्काम नव्हे.

म्हणून माझा आग्रह आहे: पहिली सकाळ प्रशिक्षकासोबत, मित्र दुपारनंतर. चांगलं स्की करणारा मित्र कितीही जिवाभावाचा असला, तरी आपण बाहेरच्या पायावर भार देतो हे तो कधीच विसरून गेलेला असतो. जे त्याला आता जाणवतच नाही, ते तो शिकवणार कसं? वर चेअरलिफ्टने थेट लांब उतारावर नेऊन ‘ये, काही होत नाही’ म्हणणं तर कुणीच करू नये. शिकायला असा सौम्य उतार हवा, ज्याच्या पायथ्याशी सपाट जागा असेल.

पिझ्झाची जागा मात्र आहेच. लिफ्टच्या रांगेत शिरताना किंवा वळायला जागाच नाही अशा अरुंद वाटेवर तोच उपयोगी, आणि तिथे तो बिनदिक्कत मोठा करावा.