खोदकामाच्या दरपत्रकातला ‘धोंडा’ म्हणजे काय?

पाया खोदायला घेतला की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ग्राहकांचा फोन येतो : “खाली खडक लागला म्हणे. आता खर्च किती वाढणार?” आम्ही आधी विचारतो, खडक लागलाय की धोंडा? बोलताना आपण दोन्हींना दगडच म्हणतो. बिलात मात्र त्यांचे दर वेगळे असतात.

धोंडा म्हणजे मोठा, पण सुटा दगड. एकट्या माणसाला उचलत नाही, पण पहारीनं किंवा जेसीबीच्या बकेटनं हलतो. खडक खालून सलग आलेला असतो. तो हलत नाही, फोडावाच लागतो, आणि ब्रेकरचं भाडं तासावर चढतं. (कोकणातली मंडळी अशा सलग खडकाला कातळ म्हणतात.) मातीच्या वर्गीकरणाचं भारतीय मानक, आयएस १४९८, ३०० मिलिमीटरहून मोठ्या दगडाला बोल्डर म्हणतं. आमच्या बिलातला धोंडा तोच, साधारण फुटाच्या वरचा. त्याहून लहान दगड आम्ही मुरमाच्याच दरात धरतो.

देशावर हे धोंडे मुरमातच तयार होतात. आपला काळा पाषाण म्हणजे बेसॉल्ट, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. थंड होताना त्याला भेगा पडल्या, भेगांतून पाणी मुरलं, कोपरे आधी कुजले आणि मधला गाभा गोल उरला. घाटात नव्यानं कापलेली दरड बघा : पिवळट मुरमात काळे गोळे रुतलेले दिसतात आणि त्यांच्याभोवती कांद्यासारखे पापुद्रे. नखानं खरवडलं तरी पापुद्रा सुटतो. आतला गोळा घणालाही दाद देत नाही.

फसगत होते ती इथेच. खड्ड्याच्या तळाशी धोंड्याचा माथा उघडा पडला की खडक लागल्यासारखाच दिसतो. पूर्वी मूल जगावं म्हणून धोंडू, धोंडिबा अशी नावं ठेवत. टिकण्यातला धोंड्याचा हा लौकिक खराच आहे, पण त्याच्या भरवशावर घराचा कॉलम उभा करू नका. एक कॉलम धोंड्यावर आणि बाकीचे मुरमावर आले, तर इमारत सारखी बसत नाही, भिंतींना तिरक्या भेगा जातात.

म्हणून माथा दिसला की आम्ही काम थांबवतो. कडेनं उकरून बघतो, शंका राहिली तर तीन-चार फूट भोक पाडतो. खाली मुरूम निघाला तर तो धोंडा. काढायचा, आणि पोकळी तुमच्या इंजिनिअरच्या सल्ल्यानं काँक्रीटनं भरायची. नुसती माती लोटून ती कधीही बुजवू देऊ नका, आम्हालासुद्धा.

निघालेले धोंडे तुमचेच. फोडून त्यांचं डबर होतं, कंपाउंडच्या पायाला उत्तम चालतं. प्लॉटबाहेर न्यायचे असतील तर आधी तहसील कार्यालयात गौण खनिजाच्या परवान्याची चौकशी करा. मोजणीच्या वेळी स्वतः हजर राहा आणि धोंडा न् खडक वेगळे मांडायला लावा.