पंखा पाचवर आहे, मग वारा कुठे गेला?

मार्चचा दुसरा आठवडा. रात्रीचे साडेअकरा. माहीमच्या आमच्या घरात आई अंथरुणात उठून बसली आणि म्हणाली, "पंखा वाढव गं जरा." पंखा पाचवरच होता. तसं सांगितल्यावर ती म्हणाली, "मग गेल्या वर्षी ह्याच पंख्याखाली मला चादर कशी लागायची?"

तिचं बरोबर होतं. पंखा एका दिवसात मंद होत नाही, रोज कणाकणाने होतो, आणि म्हणून तो कुणाच्या लक्षात येत नाही. पुण्या-नाशकात थंडीत दोन महिने पंखे बंद असतात. फेब्रुवारीत बटण दाबलं की पात्यांवरची धूळ, कुरकुर, मंदावलेली गती असं सगळं एकदम समोर येतं. मुंबईत पंख्याला सुट्टी नाही. डिसेंबरातही तो निदान दोनवर फिरत असतो. म्हणून इथे ऋतू बदलताना पंख्याकडे मुद्दाम बघावं लागतं. माझं तर म्हणणं आहे, नुसतं बघू नये, मोजावं.

मोजणं अवघड नाही. एका पात्याच्या टोकाजवळ रंगीत चिकटपट्टीचा लहान तुकडा लावा. पंखा पाचवर करा, पाच मिनिटं फिरू द्या आणि फोनवर स्लो-मोशनमध्ये दहा सेकंद चित्रण करा. बऱ्याच फोनवर सेकंदाला २४० फ्रेम घेणारी सोय असते. ते चित्रण नेहमीच्या ३० फ्रेमच्या वेगाने दिसतं, म्हणजे आठपट सावकाश. पडद्यावर एका मिनिटात पट्टी किती वेळा फिरून आली ते मोजायचं आणि आठने गुणायचं. नेहमीचा ४८ इंची पंखा पूर्ण वेगात मिनिटाला साधारण ३३० ते ३८० फेरे मारतो. आमचा आकडा आला ३४ गुणिले ८, म्हणजे २७२.

ह्या हरवलेल्या ऐंशीएक फेऱ्यांनी एवढा फरक का पडावा? पंखा खोली थंड करत नाही. उलट ७५ वॅटचा पंखा जेवढी वीज खातो तेवढी उष्णता शेवटी खोलीतच सोडतो, म्हणून रिकाम्या खोलीतला पंखा बंदच करावा. थंड होतो ते आपण. शांत बसलेल्या माणसाच्या शरीरात साधारण १०० वॅट उष्णता तयार होत असते आणि ती सतत बाहेर जावी लागते. कातडीचं तापमान ३४ अंशांच्या आसपास आणि मुंबईची मे महिन्यातली दुपारची हवा ३३ अंशांच्या आसपास, तेव्हा नुसत्या हवेला उष्णता देऊन फारसं काही सुटत नाही. उरतो घाम. एक ग्रॅम घाम वाळताना शरीराची सुमारे २४०० ज्यूल उष्णता घेऊन जातो. सगळी शंभर वॅट घामानेच काढायची म्हटली तर तासाला १५० ग्रॅम घाम नुसता येऊन भागत नाही, तो वाळायला हवा.

आपली अडचण नेमकी तिथेच आहे. आपल्या दमट हवेत अंगालगतचा हवेचा पातळ थर बाष्पाने लगेच भरून जातो आणि घाम अंगावरच निथळत राहतो. वारा तो थर सतत पुसून काढतो आणि तिथे नवी हवा आणतो. नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात कूलर उपयोगी पडतो, मुंबईत तो खोली आणखी दमट करतो. इथे घाम वाळवायचं काम पंख्याचंच. म्हणून त्याचे फेरे कमी झाले की त्याचा परिणाम थेट झोपेवर होतो.

दुसऱ्या दिवशी शिडी लावली. पात्यांवरची धूळ बोटाने पुसली जात नव्हती, मऊ मेणासारखी निघत होती. फिरणाऱ्या पात्यावर धूळ बसतेच कशी, हा प्रश्न मला लहानपणापासून होता. पात्याला अगदी चिकटून असलेली हवा पात्याबरोबरच फिरते, त्यामुळे तिथे बसलेल्या बारीक कणांना उडवून लावणारा वारा मिळतच नाही. सर्वांत जाड थर पात्याच्या पुढच्या, हवा कापणाऱ्या कडेवर असतो, कारण कण तिथे थेट येऊन आदळतात. मुंबईची धूळ कोरडी तर नसतेच. समुद्रावरून मिठाचे बारीक कण येतात. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की साधं मीठ हवेतलं पाणी ओढून विरघळायला लागतं. पावसाळ्यात डब्यातलं मीठ ओलं होतं ते ह्यामुळेच. त्यात फोडणीच्या तेलाचा धूर, रस्त्यावरची काजळी आणि शेजारच्या बांधकामाचं सिमेंट मिसळलं की पात्यावर लेप तयार होतो. तो पुढच्या कडेचा गुळगुळीत आकार बिघडवतो आणि पातं हवा नीट ढकलू शकत नाही.

पुसायची घरगुती पद्धत मला अजून सगळ्यांत चांगली वाटते. उशीचा जुना अभ्रा पात्यावर मोज्यासारखा चढवायचा आणि आतून दाबत बाहेर ओढायचा. धूळ अभ्र्यात राहते, गादीवर पडत नाही. मग भांड्यांच्या साबणाच्या कोमट पाण्यात कपडा घट्ट पिळून पुसायचं आणि शेवटी कोरड्या कपड्याने. सोड्याचं कडक पाणी नको, पाती बहुधा ॲल्युमिनियमची असतात आणि अल्कलीने ती खराब होतात. पातं पुसताना दुसऱ्या हाताने खालून आधार द्या. वरून रेटलं की पातं किंचित वाकतं आणि पुढच्या दिवसापासून पंखा डुलायला लागतो.

हे डुलणं हलक्यात घेऊ नये. समजा एका पात्याच्या टोकाशी फक्त पाच ग्रॅम, म्हणजे चहाचा चमचाभर साखरेएवढं, वजन जास्त आहे. मिनिटाला ३५० फेऱ्यांना ते टोक दांड्याला सुमारे ४०० ग्रॅम वजनाइतक्या जोराने बाहेर ओढतं, आणि त्या ओढीची दिशा सेकंदाला जवळजवळ सहा वेळा पूर्ण फिरते. हे वर्षानुवर्षं चालतं आणि सगळा मार वरच्या हुकावर, बोल्टवर आणि त्याच्याभोवतीच्या रबरी बुशवर, म्हणजे रबरी नळीवर, पडतो. पंखा बंद करून प्रत्येक पात्याच्या टोकापासून छतापर्यंतचं अंतर पट्टीने मोजा. तिन्ही अंतरांत तीन-चार मिलिमीटरहून जास्त फरक असेल तर एखादं पातं वाकलंय किंवा स्क्रू सैल आहे. पाती सुटी करायची झाली तर आधी खडूने खूण करा आणि ज्याची त्याच जागी बसवा. दुसऱ्या पंख्याची पाती तर मुळीच लावू नका, एका पंख्याची पाती वजनाने जुळवून दिलेली असतात.

दांड्याची वरची वाटी खाली सरकवली की हूक, बोल्ट आणि त्यातली स्प्लिट पिन दिसते. खारी हवा इथे शांतपणे काम करत असते. जुन्या इमारतीत छताचा गिलावा फुगलेला असेल, हुकाभोवती गंजाचे तपकिरी ओघळ असतील, तर पुसणं थांबवा आणि आधी माहीतगार माणूस बोलवा. तो हूक स्लॅबच्या सळ्यांना धरून असतो आणि सळ्या गंजल्या की आकाराने फुगून काँक्रीट फोडतात. चढायच्या आधी नुसतं बटण नव्हे, मेन स्विच बंद करा. जुन्या वायरिंगमध्ये बटण कधी कधी न्यूट्रलवर, म्हणजे परतीच्या तारेवर, असतं, तेव्हा बटण बंद असलं तरी पंख्यात वीज असते.

पुसून झाल्यावर पुन्हा मोजलं. ३६ गुणिले ८, म्हणजे २८८. सुधारणा होती, पण आई म्हणत होती तो वारा अजून आला नव्हता.

उरलेला चोर सापडला दांड्याच्या वाटीत: कपॅसिटर. घरातली वीज एकाच लयीत पुढे-मागे होते. नुसत्या तेवढ्याने मोटर फिरत नाही. जात्याचा खुंटा फक्त पुढे-मागे ढकलला तर जातं फिरत नाही, आडवा जोरही लावावा लागतो आणि तोही नेमक्या क्षणी. पंख्यात हा आडवा जोर दुसरी वायंडिंग, म्हणजे तारेची दुसरी गुंडाळी, देते आणि नेमका क्षण कपॅसिटर साधतो. तो तिच्यातल्या प्रवाहाची वेळ थोडी पुढे सरकवतो. त्याची क्षमता कमी झाली की वेळ चुकते, जोर घटतो आणि पंखा सुस्त फिरतो. फारच कमी झाली की पंखा नुसता गुणगुणतो, काठीने ढकलल्यावर फिरतो.

तो झिजतो कसा, हे मला फार सुंदर वाटतं. आत प्लास्टिकची गुंडाळी असते आणि तिच्यावर धातूचा मुलामा, केसाच्या जाडीच्या हजारव्या भागाएवढा. प्लास्टिक कुठे कमजोर झालं की तिथे ठिणगी पडते आणि आजूबाजूचा मुलामा जळून उडून जातो. बिघाड तिथल्या तिथे अलग होतो, कपॅसिटर स्वतःला बरा करून चालू राहतो. पण प्रत्येक वेळी थोडा मुलामा कमी होतो. छताजवळची गरम हवा आणि व्होल्टेजचे चढउतार ह्यांनी हे वेगाने घडतं. आमच्या कपॅसिटरवर २.५ मायक्रोफॅरड (क्षमतेचं एकक) छापलं होतं, वायरमनच्या मीटरवर १.६ आलं. नवा घेताना जुन्यावरचाच आकडा पाहा. "३.१५ चा टाकतो, वारा जास्त येईल" असं कुणी म्हटलं तर नको म्हणा. दुसऱ्या वायंडिंगमधून जास्त प्रवाह जातो आणि मोटर तापते. नवा बसल्यावर आकडा ४४ गुणिले ८ झाला, ३५२. त्या रात्री चादर कपाटातून निघाली.

तेलाबद्दल एक गैरसमज घरोघरी आहे. छताच्या पंख्यात बॉल बेअरिंग ग्रीस भरून झाकलेलं येतं, त्यात खोबरेल किंवा मशीनचं तेल सोडलं तर ग्रीस धुऊन निघतं. खरखर येत असेल तर बेअरिंग बदलायचं. बऱ्याच टेबल फॅनमध्ये मात्र पितळी बुश असतो. मागचं झाकण काढून शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब हंगामातून एकदा त्याला हवेच असतात. स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट पंखा दर महिन्याला पुसावा, त्यावर तेल फार लवकर बसतं.

बिलाचं खरं सांगायचं तर पुसल्याने विजेचं बिल फारसं उतरत नाही. मळका पंखा जवळपास तितकीच वीज खातो आणि वारा मात्र कमी देतो. ७५ वॅटचा पंखा रोज १६ तास चालला तर महिन्याला ३६ युनिट होतात. बीएलडीसी पंख्याला, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या नव्या प्रकारच्या मोटरच्या पंख्याला, त्याच कामाला १४-१५ युनिट पुरतात, म्हणून जुन्याची वायंडिंग जळली तर पुन्हा भरून घेण्यापेक्षा नवा घ्यावा, असं माझं मत आहे. मोठी बचत होते ती एसी कमी लावल्यामुळे. दीड टनाचा एसी चालू असताना वीसेक पंख्यांएवढी वीज घेतो. ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सी ह्या सरकारी संस्थेच्या सांगण्याप्रमाणे एसीचं तापमान एक अंशाने वाढवलं की सुमारे ६ टक्के वीज वाचते. पंखा नीट चालत असेल तर २४ ऐवजी २७ वरही झोप लागते. आमच्याकडे एप्रिलच्या अर्ध्या रात्री एसी लावावाच लागला नाही.

कपाटाच्या दारामागे मी आता पेन्सिलीने तारीख आणि फेरे लिहिते. एक नोंद होळीच्या आसपास, थंडीची धूळ बसून झाल्यावर. दुसरी पाऊस सरल्यावर, ऑक्टोबरचा उकाडा चढायच्या आत, दिवाळीच्या साफसफाईला जोडून. आकडा ३२० च्या खाली आला की शिडी काढायची.