ग्रेप एवढं फास्ट कसं काय शोधतं?

परवा एका जुन्या बिलिंग प्रोजेक्टमध्ये डिस्काउंटचा हिशोब नेमका कुठे होतो ते शोधायचं होतं, फायली हजारोंनी, एकेक उघडत बसलो असतो तर आठवडा गेला असता. टर्मिनलवर ग्रेप (फायलींमध्ये शब्द शोधून देणारी कमांड), डॅश आरएन (आतले सगळे फोल्डरही बघ आणि ओळीचा नंबर दे), मग शब्द आणि शेवटी डॉट (म्हणजे याच फोल्डरपासून), एवढं टाइप करून एंटर मारलं आणि फाइलचं नाव, ओळीचा नंबर, ती अख्खी ओळ असं सगळं समोर हजर.

हे टूल 1973 च्या युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टीममधलं. बेल लॅब्स या अमेरिकन संशोधन संस्थेत ली मॅकमहॉन यांना फेडरलिस्ट पेपर्स या जुन्या अमेरिकन निबंधांमध्ये शब्द शोधायचे होते, पण तेवढा मजकूर त्या वेळच्या एडिटरच्या मेमरीत मावेना, म्हणून केन थॉम्पसन यांनी एडिटरमधला शोधायचा भागच वेगळा काढून दिला. नावही एडिटरच्या कमांडवरूनच आलंय, जी म्हणजे सगळीकडे, आरई म्हणजे रेग्युलर एक्स्प्रेशन (शोधायचा नमुना), पी म्हणजे छाप.

आता वेगाचं. आपल्याला वाटतं ते प्रत्येक अक्षर वाचत असणार, तर तसं नाहीये आणि मला यातलं हेच सगळ्यात भारी वाटतं. 1977 मध्ये बॉयर आणि मूर यांनी शब्द शेवटाकडून जुळवायची पद्धत मांडली, पुढे ग्रेपमध्येही तीच आली. इंग्रजी स्पेलिंगमध्ये डिस्काउंटची अक्षरं आठ, म्हणून आधी थेट आठवं अक्षर बघायचं. तिथे एम निघाला तर एम आपल्या शब्दात नाहीच, म्हणजे आठ घरं सरळ पुढे उडी, मधली सात वाचायचीच नाहीत! एस निघाला तर तो शब्दात तिसरा आहे, मग पाचच घरं सरकायचं. म्हणजे शब्द जितका मोठा तितकं शोधणं सोपं, आपल्या अंदाजाच्या अगदी उलट.

2016 मध्ये आलेलं रिपग्रेप हे ग्रेपसारखंच टूल तर गिटला (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं टूल) इग्नोर करायला सांगितलेले फोल्डर उघडतच नाही, त्यामुळे मोठ्या प्रोजेक्टमध्ये मी तेच वापरतो.

मराठी शोधताना मात्र एक गोष्ट सांभाळा. ‘दुसऱ्या’ मधला ऱ युनिकोडमध्ये एकच अक्षर म्हणूनही लिहिता येतो आणि र अधिक नुक्ता (अक्षराखालचा टिंब) असाही, स्क्रीनवर दोन्ही सारखेच दिसतात पण आतले बाइट वेगळे, आणि ग्रेप बघतं ते बाइट. शब्द समोर दिसतोय तरी सापडत नसेल तर ‘दुस’, मग डॉट, स्टार (इथे याचा अर्थ मधे काहीही चालेल) आणि ‘या’ असं शोधा, दोन्ही प्रकार सापडतील.