सँडविचवाले अर्ल खरंच पत्ते सोडून उठत नव्हते का?

ती गोष्ट सगळ्यांनी ऐकलीये, की सँडविच या इंग्लिश गावाच्या नावाचा किताब असलेले चौथे अर्ल (म्हणजे सरदार) जॉन माँटेग्यू जुगारात इतके बुडालेले की जेवायला उठायचा कंटाळा, म्हणून दोन ब्रेडमध्ये मांस घालून आणायला सांगितलं आणि झालं सँडविच. मस्त आहे, पण पुरावा फारच लंगडा. ग्रोले नावाचा एक फ्रेंच प्रवासी 1765 मध्ये लंडनला आलेला, त्याने 1770 च्या पुस्तकात ही ऐकीव गप्पा छापली, बस्स, तेवढाच आधार. आणि 1765 मध्ये हे साहेब मंत्री होते, कामाचा ढीग, त्यामुळे त्यांचे चरित्रकार म्हणतात की ते बहुतेक टेबलावर फाईली उपसतानाच असं खात असावेत (जे आपण सगळे ऑफिसात करतोच की). शिवाय त्यांनी जुगारात मोठ्या रकमा उडवल्याचंही काही दिसत नाही.

खरं आयुष्य जास्त भारी आहे खरंतर. वडील लहानपणीच गेले, आजोबांनंतर 1729 मध्ये, वयाच्या दहाव्या-अकराव्या वर्षीच पोरगा अर्ल झाला. पुढे तीनदा नौदलाचा प्रमुख मंत्री, म्हणून तर इंग्लिश दर्यावर्दी कॅप्टन कुकने हवाईला सँडविच बेटं नाव दिलं. घरी मात्र वाईट हाल, बायको डोरोथीचं मानसिक आजारपण, मग वेगळं राहणं, नंतर गायिका मार्था रे बरोबर बरीच वर्षं संसार आणि मुलं. 1779 च्या एप्रिलमध्ये कॉव्हेंट गार्डनच्या थिएटरबाहेर हॅकमन नावाच्या माणसाने तिला गोळी घातली, त्याला त्याच महिन्यात फाशी झाली. अर्ल आणि मार्थाचा मुलगा बेसिल माँटेग्यू पुढे नावाजलेला वकील झाला.