पर्यायाची किंमत: मिलवॉकीचा मॅनेजर आणि मिलवॉकीचे स्टेडियम

६ नोव्हेंबर २०२३ रोजी अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातल्या मिलवॉकी शहराला कळले की, त्यांच्या बेसबॉल संघाचा, म्हणजे मिलवॉकी ब्रुअर्सचा मॅनेजर (सामन्यातले निर्णय घेणारा प्रमुख) क्रेग काउन्सेल शेजारच्या शिकागो कब्ज संघाकडे निघाला आहे. करार पाच वर्षांचा आणि ४ कोटी डॉलरहून अधिक रकमेचा होता. तोवर बेसबॉलच्या कोणत्याही मॅनेजरला एवढ्या रकमेचा करार मिळाला नव्हता. काउन्सेल मिलवॉकीच्याच एका उपनगरात वाढलेला, त्याचे वडील ब्रुअर्सच्या कार्यालयात नोकरीला होते, त्यामुळे घरातला मुलगा जेमतेम दीडशे किलोमीटरवरच्या प्रतिस्पर्ध्याकडे गेल्याचे दुःख शहराला झाले. यानंतर आठच दिवसांनी विस्कॉन्सिनच्या विधिमंडळाने याच संघाच्या स्टेडियमच्या दुरुस्तीसाठी आणि नूतनीकरणासाठी सुमारे ५० कोटी डॉलरच्या सार्वजनिक निधीला मंजुरी दिली, आणि ५ डिसेंबरला राज्यपाल टोनी एव्हर्स यांनी त्या विधेयकावर सही केली.

वर्षाला सुमारे ८० लाख डॉलर मागणारा माणूस जाऊ दिला गेला आणि ५० कोटी डॉलर मागणारी वास्तू मात्र राखली गेली. या दोन निर्णयांमागचे अर्थशास्त्र एकच आहे आणि ते समजून घेण्यासारखे आहे, कारण दोन्ही ठिकाणी एकच प्रश्न विचारावा लागतो: ही व्यक्ती किंवा ही वास्तू नसती, तर काय झाले असते?

बेसबॉलमध्ये हा प्रश्न रोजच्या बोलण्यातला आहे. खेळाडूची किंमत ठरवताना तेथील विश्लेषक त्याची तुलना शून्याशी करत नाहीत. जवळजवळ फुकट, कोणत्याही दिवशी दुय्यम संघातून बोलावता येईल अशा एका कल्पित पर्यायी खेळाडूशी ते त्याची तुलना करतात, आणि त्या पर्यायी खेळाडूपेक्षा आपल्या खेळाडूने हंगामात किती जास्त विजय मिळवून दिले, हे मोजतात. खुल्या बाजारात अशा एका जादा विजयासाठी संघ ८० लाख डॉलर किंवा त्याहून थोडे अधिक मोजतात, असा ढोबळ हिशेब मांडला जातो. म्हणजे वर्षाला एक विजय जरी वाढवला, तरी काउन्सेलचा पगार वसूल होतो. प्रश्न असा की, मॅनेजर तो एक विजय खरोखर वाढवतो का, आणि वाढवत असेल तर तो कसा मोजायचा.

क्रिकेटमध्ये कर्णधार मैदानावर जे निर्णय घेतो, त्यांतले बहुतेक निर्णय बेसबॉलमध्ये मॅनेजर मैदानाबाहेरच्या बाकावर बसून घेतो: फलंदाजीचा क्रम, पिचर (फलंदाजाकडे चेंडू फेकणारा) कधी बदलायचा, दमलेल्या खेळाडूला विश्रांती कधी द्यायची. गेल्या काही वर्षांत या निर्णयांचा आवाका आक्रसत गेला आहे. २०२० पासून नव्याने आलेल्या पिचरला किमान तीन फलंदाजांना सामोरे जावे लागते किंवा डाव संपेपर्यंत थांबावे लागते, आणि २०२२ पासून नॅशनल लीगमध्येही (३० संघांच्या दोन गटांपैकी एक) पिचरच्या जागी दुसराच खेळाडू फलंदाजी करतो, त्यामुळे डावपेचाचे दोन मोठे प्रसंग कमी झाले. शिवाय साधारण १० धावांचा फरक म्हणजे एक विजय, हे प्रमाण लक्षात घेतले, तर फलंदाजीच्या क्रमात थोडा बदल करून हाती लागणारे यश फारसे मोठे नसते. मॅनेजरचे खरे काम १६२ सामन्यांचा लांबलचक हंगाम, पंचवीसेक माणसांचा मूड आणि पिचरांचे खांदे सांभाळण्याचे आहे, असे मला वाटते, आणि नेमके तेच मोजायला सर्वांत कठीण आहे.

कठीण का, ते एका साध्या गणिताने कळते. समजा, एक संघ अगदी सरासरी आहे आणि त्याचा प्रत्येक सामना नाणेफेकीसारखा आहे. असा संघ १६२ सामन्यांत सरासरीने ८१ जिंकेल, परंतु संभाव्यतेच्या नियमानुसार या आकड्याचे प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीभोवतीचा नेहमीचा चढउतार, सहाहून थोडे अधिक येते. म्हणजे संघात काहीही बदल न होता, दर तीन हंगामांपैकी सुमारे एका हंगामात त्याचे विजय ७५ हून कमी किंवा ८७ हून जास्त असतील. एखादा मॅनेजर खरोखर दरवर्षी दोन विजय वाढवत असेल, तर या गोंगाटातून त्याचे दोन विजय खात्रीने वेगळे काढायला सुमारे ४० हंगाम लागतील. काउन्सेलने ब्रुअर्सला पुरते नऊ हंगामही सांभाळले नव्हते.

हा गोंगाट कमी करण्यासाठी बेसबॉलच्या आकडेवारीचे अभ्यासक बिल जेम्स यांनी सुचवलेले एक सूत्र वापरतात, ज्याला पायथागोरसच्या प्रमेयाशी असलेल्या साम्यामुळे त्याचेच नाव मिळाले आहे. संघाने केलेल्या धावांचा वर्ग घ्यायचा आणि त्याला केलेल्या व दिलेल्या धावांच्या वर्गांच्या बेरजेने भागायचे. येणारा भागाकार म्हणजे विजयांचे अपेक्षित प्रमाण. ८०० धावा करून ७०० देणाऱ्या संघाने या हिशेबाने सुमारे ९२ सामने जिंकायला हवेत. प्रत्यक्षात त्याने ९६ जिंकले, तर वरचे चार विजय मॅनेजरच्या खात्यावर टाकण्याचा मोह होतो. तो आवरावा, कारण या फरकातही नशिबाचा वाटा मोठा असतो, आणि दुसऱ्या बाजूने पाहिले तर ज्या मॅनेजरमुळे खेळाडू मुळातच चांगले खेळू लागले, त्याचे श्रेय हे सूत्र धावांच्या आकड्यांतच गाडून टाकते.

गणित इथे थांबते. मिलवॉकीत पुढे जे घडले, ते मात्र प्रयोगासारखे होते. काउन्सेलच्या जागी ब्रुअर्सने पॅट मर्फी यांना नेमले. ते अनेक वर्षे काउन्सेलच्याच शेजारी सहायक म्हणून बसत होते, आणि त्याआधी महाविद्यालयीन संघात काउन्सेलचेच प्रशिक्षक होते. २०२४ चा हंगाम सुरू होण्यापूर्वी संघाने आपला सर्वोत्तम पिचर कॉर्बिन बर्न्स बाल्टिमोरला दिला, दुसरा मोठा पिचर ब्रँडन वुड्रफ खांद्याच्या दुखापतीमुळे वर्षभर खेळलाच नाही, तरी काउन्सेलच्या शेवटच्या हंगामात ९२ सामने जिंकलेल्या संघाने मर्फींच्या पहिल्या हंगामात ९३ जिंकले. काउन्सेलच्या कब्जने त्या वर्षी ८३ जिंकले, म्हणजे आदल्या वर्षी जेवढे जिंकले होते तेवढेच. २०२५ मध्ये ब्रुअर्सने ९७ विजयांसह सर्व ३० संघांत पहिला क्रमांक मिळवला. मर्फींना दोन्ही वर्षी नॅशनल लीगच्या सर्वोत्तम मॅनेजरचा सन्मान मिळाला. त्यापूर्वी ब्रुअर्सच्या एकाही मॅनेजरला तो मिळाला नव्हता, काउन्सेललाही नाही.

यावरून काउन्सेल निरुपयोगी होता असे म्हणणे चूक ठरेल. पाच वेळा संघाला बाद फेरीत नेणाऱ्या माणसाने घालून दिलेल्या सवयी त्याच्यामागे टिकल्या असणारच, आणि मर्फी त्याच शाळेतले किंवा खरे तर त्या शाळेचे गुरुजी होते. यातून दिसते ते एवढेच की पर्याय चांगला होता आणि तो शेजारच्या खुर्चीवर बसलेला होता. मॅनेजरचा बाजार असा आहे की अनुभवी सहायक पुष्कळ, जागा मात्र ३०. म्हणूनच ज्या खेळात एकेका खेळाडूला वर्षाला ३ ते ४ कोटी डॉलर मिळतात, त्या खेळात २०२३ मध्ये ८० लाख हा मॅनेजरचा विक्रमी पगार ठरला. लहान शहराच्या संघाला हे गणित अधिक जपावे लागते. अमेरिकी बेसबॉलमध्ये पगारांवर सक्तीची कमाल मर्यादा नाही, स्थानिक दूरचित्रवाणीचे उत्पन्न शहराच्या आकारानुसार ठरते, आणि मिलवॉकीची बाजारपेठ या ३० संघांत सर्वांत लहान समजली जाते. २०२५ मध्ये ब्रुअर्सच्या खेळाडूंचे एकूण पगार लॉस एंजलिस डॉजर्सच्या सुमारे एक तृतीयांश होते.

आता स्टेडियमकडे वळू. तिथेही प्रश्न तोच आहे, पण विधिमंडळात तो क्वचितच अशा शब्दांत विचारला जातो. तिथे सांगितले जाते की संघामुळे इतके रोजगार निर्माण होतात आणि इतकी उलाढाल होते. हे आकडे शून्याशी केलेल्या तुलनेतून येतात. सामन्याला सत्तर-ऐंशी डॉलर खर्च करणारे मिलवॉकीचे कुटुंब, संघ नसता तर ते पैसे जाळून टाकणार नव्हते. ते चित्रपटाला, उपाहारगृहात किंवा एखाद्या सरोवराकाठच्या सहलीला गेले असते. अर्थशास्त्रात याला प्रतिस्थापन परिणाम म्हणतात. त्यातही तिकिटाच्या पैशाचा मोठा भाग खेळाडूंच्या पगारात जातो आणि बहुतेक खेळाडू हंगाम संपताच आपापल्या राज्यांत परततात, त्यामुळे शेजारच्या उपाहारगृहातला पैसा जितका शहरात फिरतो, तितका हा फिरत नाही. मुळात हा व्यवसाय शहराच्या मानाने लहान आहे: ८१ घरचे सामने खेळणाऱ्या संघाची वार्षिक उलाढाल मिलवॉकी महानगराच्या अर्थव्यवस्थेच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी भरते.

या तर्काला पुरावा आहे का? संघ अचानक नाहीसा करून पाहणे संशोधकांना शक्य नसते, पण खेळाडूंच्या संपांनी ते काम करून दिले. १२ ऑगस्ट १९९४ रोजी बेसबॉलचा संप सुरू झाला, उरलेला हंगाम आणि अंतिम मालिकाही रद्द झाली, स्टेडियमे ओस पडली. डेनिस कोट्स आणि ब्रॅड हम्फ्रीज या अर्थतज्ज्ञांनी खेळाडूंच्या संपांच्या आणि मालकांनी केलेल्या टाळेबंदीच्या काळात संबंधित शहरांतील उत्पन्न तपासले, तेव्हा त्यात घट आढळली नाही. रॉबर्ट बाडी, रॉबर्ट बाउमन आणि व्हिक्टर मॅथेसन यांनी फ्लोरिडातील करपात्र विक्रीचे आकडे तपासले आणि संपाच्या काळात त्यांनाही अपेक्षित खड्डा सापडला नाही. गेल्या तीन दशकांतील बहुतेक स्वतंत्र अभ्यास याच दिशेने बोट दाखवतात, आणि २०१७ मध्ये शिकागो विद्यापीठाने अमेरिकेतील नामवंत अर्थतज्ज्ञांना विचारले, तेव्हा पाचपैकी चाराहून अधिक जणांनी स्टेडियमच्या अनुदानाचा करदात्यांवरील भार स्थानिक फायद्यापेक्षा जास्त असण्याचाच संभव असल्याचे मान्य केले. अर्थतज्ज्ञांत इतके एकमत सहसा आढळत नाही.

विस्कॉन्सिनच्या निर्णयाच्या बाजूने एक मुद्दा मात्र प्रामाणिकपणे तोलला पाहिजे. संघ गेला, तर त्याच्या आणि पाहुण्या संघांच्या खेळाडूंच्या पगारावरचा राज्याचा प्राप्तिकरही जातो, असे तेथील सरकारने मांडले. या पगारांचा काही भाग देशव्यापी प्रक्षेपणाच्या पैशातून येतो, म्हणजे तो पैसा खरोखर राज्याबाहेरून येतो, आणि हा युक्तिवाद रोजगारनिर्मितीच्या नेहमीच्या दाव्यापेक्षा बराच भक्कम आहे. तरीही स्थानिक प्रेक्षकांच्या खिशातून आलेल्या भागाला तो लागू पडत नाही, कारण तो पैसा राज्यात अन्यत्र खर्च होऊन तिथेही कर देणारच होता. शिवाय राज्याचे ३६ कोटी ५८ लाख डॉलर या प्राप्तिकराशी जोडून दाखवता येतात, तशी मिलवॉकी शहर आणि जिल्हा यांनी प्रत्येकी दरवर्षी २५ लाखांप्रमाणे २०५० पर्यंत द्यायच्या एकूण १३ कोटी ५० लाखांची जोड लावता येत नाही, कारण तो प्राप्तिकर त्यांच्या तिजोरीत येतच नाही. संघाचा स्वतःचा वाटा ११ कोटी.

मग पैसे का दिले जातात? कारण इथे शेजारच्या खुर्चीवर पर्याय बसलेला नाही. संघ किती असावेत आणि कुठे असावेत, हे लीग ठरवते, आणि १९२२ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालाने बेसबॉलला मक्तेदारीविरोधी कायद्यातून जी सूट मिळाली, ती बऱ्याच अंशी आजही टिकून आहे. संघ हवी असलेली शहरे नेहमी संघांपेक्षा जास्त ठेवली की प्रत्येक मालकाच्या हाती धमकीचा हुकमी एक्का राहतो. फ्लोरिडातील सेंट पीटर्सबर्गने संघ नसतानाच घुमटाकार स्टेडियम बांधायला घेतले; ते १९९० मध्ये उघडले आणि तिथे पहिला बेसबॉल संघ १९९८ मध्ये खेळला. मधल्या काळात बेसबॉल संघाची वाट पाहणाऱ्या त्या घुमटाकडे बोट दाखवून इतर संघांनी आपापल्या शहरांशी वाटाघाटी केल्या. शिकागो व्हाइट सॉक्सने तर घुमट पुरा होण्याआधीच, १९८८ मध्ये, इलिनॉयच्या विधिमंडळाकडून नवे स्टेडियम मिळवले.

मिलवॉकीला ही भीती पुस्तकातून शिकावी लागली नाही. १९६५ च्या हंगामानंतर ब्रेव्ह्ज संघ शहर सोडून अटलांटाला गेला. १९७० मध्ये मिलवॉकीचे व्यावसायिक बड सेलिग यांनी सिअ‍ॅटलचा अवघा एक हंगाम खेळलेला, दिवाळखोरीत निघालेला संघ विकत घेतला आणि हंगाम सुरू व्हायला आठवडा उरलेला असताना तो मिलवॉकीत आणला. तेच आजचे ब्रुअर्स. १९९५ मध्ये नव्या स्टेडियमसाठी पाच जिल्ह्यांत ०.१ टक्का विक्रीकर लावण्याचे विधेयक आले, तेव्हा विस्कॉन्सिन विधिमंडळातील रसीनचे सिनेटर जॉर्ज पेटक यांनी आयत्या वेळी विरोध सोडून त्याच्या बाजूने मत दिले. पुढच्याच वर्षी मतदारांनी त्यांना मुदतीपूर्वीच पदावरून दूर केले आणि त्यांच्या पक्षाचे सिनेटमधील बहुमतही गेले. तो कर मार्च २०२० पर्यंत चालला आणि त्यातून सुमारे ६० कोटी डॉलर गोळा झाले. स्टेडियम २००१ मध्ये उघडले. ते सार्वजनिक मालकीचे असल्याने आणि भाडेकराराने मोठ्या दुरुस्त्यांचा भार मालकावर टाकल्याने, दोन दशकांनी पुढचे बिलही जनतेकडेच आले.

या व्यवहारात फायदा कुठे साचतो, ते संघाच्या विक्रीमूल्यात दिसते. मार्क अटानासिओ यांनी २००५ मध्ये ब्रुअर्स सुमारे २२ कोटी डॉलरला घेतला. आज त्याचे मूल्य दीड अब्जाहून अधिक सांगितले जाते. मायामीत मुख्यतः करदात्यांच्या पैशातून उभारलेले स्टेडियम २०१२ मध्ये उघडले, त्या करारात विक्रीच्या नफ्याचा पाच टक्के वाटा सरकारला देण्याची अट होती. २००२ मध्ये १५ कोटी ८० लाखांना घेतलेला तिथला मार्लिन्स संघ २०१७ मध्ये १ अब्ज २० कोटींना विकला गेला, आणि कर व कर्जे वजा करता नफा उरलाच नाही, असे मालकाने सांगितले. न्यायालयात गेल्यावर प्रकरण सुमारे ४२ लाख डॉलरवर मिटले. वाटा मागायचा असेल, तर तो नफ्यात न मागता एकूण विक्रीमूल्यात मागावा, एवढे तरी त्यातून उघड झाले.

माझ्या मते शहराने संघावर पैसे खर्च करणे गैर नाही. उद्यान किंवा ग्रंथालयासारखी ती आनंदाची गोष्ट आहे, आणि घरी बसून केवळ वर्तमानपत्रात निकाल वाचणाऱ्यालाही त्या आनंदाचा वाटा मिळतो. संशोधकांनी लोकांना या आनंदासाठी किती कर द्याल असे विचारून त्याची किंमत काढण्याचा प्रयत्न केला आहे. रक्कम शून्य नसते, पण बहुधा दिलेल्या अनुदानापेक्षा कमी भरते. ज्या विधिमंडळात आनंदाच्या या किमतीवर चर्चा व्हायला हवी, तिथे रोजगाराच्या फुगवलेल्या आकड्यांवर मतदान होते, याचे मला मनापासून वाईट वाटते.

११ ऑक्टोबर २०२५ रोजी त्याच स्टेडियममध्ये ब्रुअर्स आणि कब्ज यांच्यातील बाद फेरीच्या मालिकेचा पाचवा आणि निर्णायक सामना झाला. एका बाकावर मर्फी होते, समोरच्या बाकावर काउन्सेल, आणि ब्रुअर्सने सामना ३-१ असा जिंकला. पुढच्या फेरीत डॉजर्सने त्यांना सलग चार सामन्यांत हरवले. काउन्सेलचा करार २०२८ च्या हंगामाबरोबर संपतो, स्टेडियमचा भाडेकरार २०५० मध्ये.