अन्न सुरक्षा अभियानाचे अनुदान: बियाणे, पाइप, पंप आणि गोदामासाठी अर्ज कसा करावा

हंगाम तोंडावर आला की सेवा केंद्रांवर महाडीबीटीचे, म्हणजे सरकारी अनुदानाच्या ऑनलाइन पोर्टलवरचे, अर्ज भरायला गर्दी होते. बहुतेकांचा प्रश्न एकच असतो, पाइपचे कधी सुटणार? प्रमाणित बियाण्याबद्दल विचारणारा क्वचित भेटतो. माझे मत उलटे आहे. या अभियानातून अल्पभूधारकाने आधी काही पदरात पाडून घ्यावे तर ते बियाणे. पाइप आणि पंपाचेही सविस्तर सांगतो, पण सुरुवात ही योजना कशासाठी आली तिथून करायला हवी. पात्रतेचे बहुतेक नियम त्यातूनच निघालेले आहेत.

२९ मे २००७ रोजी राष्ट्रीय विकास परिषदेने ठराव केला आणि त्याच वर्षीच्या रब्बीपासून राष्ट्रीय अन्न सुरक्षा अभियान सुरू झाले. तेव्हाचे उद्दिष्ट २०११-१२ पर्यंत तांदळाचे उत्पादन १ कोटी टनांनी, गव्हाचे ८० लाख टनांनी आणि कडधान्यांचे २० लाख टनांनी वाढवण्याचे होते. पुढे भरडधान्ये आणि पौष्टिक तृणधान्येही त्यात आली. २००६-०७ मध्ये देशाचे अन्नधान्य उत्पादन साधारण २१ कोटी ७३ लाख टन होते, २०२४-२५ मध्ये ते ३५ कोटी ७७ लाख टनांवर गेले. हे सगळे श्रेय एका योजनेचे नाही. सिंचन, हमीभाव, नवे वाण, सगळ्यांचाच त्यात वाटा आहे. अलीकडे योजनेच्या नावात 'पोषण' जोडले गेले, म्हणून सरकारी कागदावर आता 'राष्ट्रीय अन्न सुरक्षा व पोषण अभियान' असे दिसेल. महाराष्ट्रात खर्चाचा ६० टक्के वाटा केंद्राचा आणि ४० टक्के राज्याचा असतो.

पात्र कोण

हे अनुदान जिल्हा आणि पीक या जोडीला बांधलेले आहे, हे आधी लक्षात घ्या. भाताचा कार्यक्रम भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली यांसारख्या भाताच्या जिल्ह्यांसाठी असतो, कडधान्यांचा पसारा बराच मोठा आहे. कोणत्या जिल्ह्यात कोणते पीक आणि कोणती बाब, याचे लक्ष्यांक (किती लाभ द्यायचा ते आकडे) दरवर्षी ठरतात. त्यामुळे शेजारच्या जिल्ह्यातल्या पाहुण्याला मिळाले म्हणून आपल्यालाही मिळेलच, असे धरून चालू नका. तालुका कृषी अधिकारी कार्यालयात किंवा गावच्या सहायक कृषी अधिकाऱ्यांकडे (म्हणजे आपले पूर्वीचे कृषी सहायक) या वर्षीचा लक्ष्यांक विचारा आणि मगच अर्ज भरा.

सोयाबीनवाल्यांची इथे नेहमी गफलत होते. सोयाबीन, भुईमूग, करडई, जवस ही पिके या अभियानात येत नाहीत. त्यांच्यासाठी राष्ट्रीय खाद्यतेल अभियान आहे. अर्जाचे पोर्टल तेच, पण योजना आणि लक्ष्यांक निराळे.

बाकी अटी सोप्या आहेत. जमीन अर्जदाराच्या नावावर हवी, आधार हवे आणि शेतकरी ओळख क्रमांक, म्हणजेच फार्मर आयडी, हवा. अल्प व अत्यल्पभूधारक, अनुसूचित जाती-जमाती आणि महिला शेतकरी यांच्यासाठी निधीचा काही हिस्सा राखलेला असतो. महिलांसाठीचा हिस्सा केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनुसार किमान ३० टक्के आहे. मात्र त्याचा लाभ घ्यायला बाईचे नाव सातबाऱ्यावर लागते, आणि घरोघरी नेमके तेच नसते. लक्ष्मी मुक्ती योजनेत नवऱ्याच्या अर्जावरून बायकोचे नाव सहधारक म्हणून लावता येते. जी बाई पेरणीपासून मळणीपर्यंत रानात राबते तिचे नाव उताऱ्यावर असायलाच हवे, अनुदान मिळो न मिळो.

कागदपत्रे

फार्मर आयडी हा सध्या सगळ्यात मोठा दरवाजा आहे. १५ एप्रिल २०२५ पासून राज्यात कृषी योजनांच्या लाभासाठी तो बंधनकारक आहे. अ‍ॅग्रीस्टॅकवर, म्हणजे शेतकऱ्यांच्या सरकारी डिजिटल नोंदवहीत, नोंदणी करायला आधार, आधारला जोडलेला मोबाइल आणि सातबारा घेऊन सेवा केंद्रावर जायचे. महसूल खात्याकडून मंजुरी आली की ११ अंकी क्रमांक मिळतो. एकाच गावात दोन गट असतील किंवा दुसऱ्या गावातही जमीन असेल, तर सगळे गट त्या आयडीला जोडले आहेत ना, हे तिथेच पाहून घ्या. नंतर वाटणीत आलेली किंवा विकत घेतलेली जमीन आपोआप जोडली जाईल या भरवशावर राहू नका.

आयडीमुळे जमिनीची माहिती थेट पोर्टलवर येते. तरीही ताजा सातबारा आणि आठ-अ जवळ ठेवा, कारण पाहणीच्या वेळी मागितला जाऊ शकतो. पाइप किंवा पंपासाठी सातबाऱ्यावर विहीर अथवा बोअरची नोंद लागते. विहीर वडिलांच्या काळापासून आहे, सगळ्या गावाला माहीत आहे, पण उताऱ्यावर नोंदच नाही, असे कितीतरी ठिकाणी असते. ही नोंद लावून घ्यायला वेळ लागतो, म्हणून ते काम अर्जाच्या आधी उरका. खाते सामाईक असेल तर बाकी खातेदारांचे संमतीपत्र तयार ठेवा. अनुसूचित जाती-जमातीच्या अर्जदारांना जातीचा दाखला लागतो.

नावाचा घोळही वेळीच मिटवा. आधारवर 'ज्ञानेश्वर', सातबाऱ्यावर 'ज्ञानदेव' आणि पासबुकावर 'माऊली', अशा तीन नावांनी एक माणूस नांदत असेल तर अर्ज कुठेतरी अडणारच.

राहिले बँक खाते. पासबुकाला आधार दिले म्हणजे काम झाले, असे अनेकांना वाटते. तसे नाही. अनुदान आधार क्रमांकावर पाठवले जाते आणि तो क्रमांक ज्या बँक खात्याशी थेट लाभ हस्तांतरणासाठी (डीबीटी) जोडलेला असेल तिथेच पडते. दोन-तीन खाती असतील तर सगळ्यात शेवटी जे जोडले ते धरले जाते. त्यामुळे मंजूर झालेले पैसे कधीकाळी उघडलेल्या आणि विसरलेल्या खात्यात जाऊन बसतात. बँकेत जाऊन सरळ विचारा, "माझे आधार डीबीटीसाठी कोणत्या खात्याला जोडलेले आहे?"

अर्ज कसा करायचा

महाडीबीटीच्या शेतकरी पोर्टलवर फार्मर आयडी टाकला की मोबाइलवर ओटीपी येतो आणि लॉगिन होते. आत 'सिंचन साधने व सुविधा' या भागात पाइप आणि पंप मिळतील, 'बियाणे, औषधे व खते' या भागात प्रमाणित बियाणे आणि पीक प्रात्यक्षिक. बाब निवडायची, पीक आणि क्षेत्र भरायचे, प्राधान्यक्रम द्यायचा आणि २३ रुपये ६० पैसे शुल्क भरून अर्ज सादर करायचा. शुल्काची पावती निघाली नाही तर अर्ज गेला असे समजू नका. पुष्कळ अर्ज नुसते 'जतन' होऊन पडून राहतात.

पूर्वी सोडत निघायची. २०२५-२६ पासून 'प्रथम येणाऱ्यास प्रथम प्राधान्य' ही पद्धत आली, म्हणजे नशिबाची जागा तारखेने घेतली. खरिपाच्या बियाण्याचे अर्ज साधारण मे महिन्यात येतात, रब्बीचे पावसाळा सरता सरता. त्यामुळे कागदांची जमवाजमव अर्ज सुरू व्हायच्या आधीच झालेली बरी.

निवड झाली की मोबाइलवर संदेश येतो. इथून पुढचा क्रम पाइप आणि पंपासाठी काटेकोर आहे. आधी कोटेशन आणि बाकीची कागदपत्रे दिलेल्या मुदतीत अपलोड करायची. छाननी झाली की पूर्वसंमती पत्र मिळते. ते हातात पडल्यावर, त्यावरच्या मुदतीत खरेदी करायची. बिल अपलोड करायचे. मग प्रत्यक्ष रानात येऊन मोका तपासणी होते, फोटो घेतला जातो आणि अनुदान खात्यात जमा होते. पूर्वसंमतीच्या आधीच्या तारखेचे बिल चालत नाही. निवडीचा संदेश म्हणजे मंजुरी नव्हे. दुकानदार म्हणेल, "आत्ता घेऊन जा, बिल मागाहून बनवू." ऐकू नका. पैसे बँकेतून द्या आणि बिलावरचे नाव आधारप्रमाणेच घाला.

किती मिळते

पाइपसाठी चालत आलेले सूत्र असे: खर्चाच्या ५० टक्के, किंवा एचडीपीईला मीटरमागे ५० रुपये, पीव्हीसीला ३५ रुपये आणि घडीच्या लॅमिनेटेड पाइपला २० रुपये, आणि एकूण कमाल १५,००० रुपये. यातली सगळ्यात कमी रक्कम मिळते. समजा ६ मीटरचे ६० पीव्हीसी पाइप घेतले, बिल झाले २८,८०० रुपये. निम्मे होतात १४,४००. पण लांबी ३६० मीटर, ३५ रुपयांनी १२,६०० होतात. म्हणून हाती १२,६०० पडतील. तेवढेच एचडीपीई घेतले तर मीटरच्या हिशेबाने १८,००० होतात, पण १५,००० च्या वर सरकार देत नाही. पंपसंचाला १० अश्वशक्तीपर्यंत खर्चाच्या ५० टक्के किंवा १०,००० रुपये, यातले जे कमी ते. दर बदलू शकतात, त्यामुळे पूर्वसंमती पत्रावरचा आकडा अखेरचा धरा. आणि पूर्ण रक्कम आधी स्वतःच्या खिशातून भरावी लागते, तेव्हा अनुदानाच्या भरवशावर उधारी करू नका.

बियाण्याचे अनुदान

बियाण्याची रीत सोपी आहे. निवड झाल्यावर परवाना मिळतो. तो घेऊन महाबीज (राज्याचे बियाणे महामंडळ) किंवा ठरवून दिलेल्या दुसऱ्या संस्थेच्या विक्रेत्याकडे जायचे आणि अनुदान वजा जाता उरलेली रक्कम भरून पिशवी आणायची. खात्यात पैसे येण्याची वाट पाहावी लागत नाही. दहा वर्षांच्या आतल्या वाणाला अनुदान जास्त, त्याहून जुन्याला कमी. यामागचा विचार मला पटतो. हरभऱ्याचा फुले विक्रम घ्या. उंच वाढतो, घाटे जमिनीपासून वर लागतात, म्हणून हार्वेस्टरने काढता येतो. हरभरा काढणीला मजूर मिळेनासे झालेल्या गावात या एका गुणाची किंमत पाइपाच्या अनुदानापेक्षा कमी नाही. शिवाय हरभरा, तूर यांचे सरळ (संकरित नसलेले) वाण एकदा आणले की पुढची दोन-तीन वर्षे घरचे बियाणे राखता येते.

पिशवी उघडताना घाई करू नका. प्रमाणित बियाण्याला निळा टॅग असतो, पायाभूत बियाण्याला पांढरा. टॅगवर पीक, वाण, लॉट क्रमांक, उगवणशक्ती आणि मुदत छापलेली असते. पिशवी टॅगच्या विरुद्ध बाजूने फोडा, म्हणजे टॅग आणि शिलाई शाबूत राहील. टॅग, बिल आणि मूठभर बियाणे काढणी होईपर्यंत जपून ठेवा. उगवण झाली नाही तर तालुका तक्रार निवारण समिती पाहणीला येते, तेव्हा आधी हेच विचारले जाते. पेरणीपूर्वी १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण पाहा. प्रमाणित हरभऱ्याची किमान उगवण ८५ टक्के आणि तुरीची ७५ टक्के असायला हवी.

पीक प्रात्यक्षिक ही वेगळी बाब आहे. त्यात मदत बियाणे, जिवाणू संवर्धक, सूक्ष्म मूलद्रव्ये, कीडनाशके अशा निविष्ठांच्या रूपात असते. प्रात्यक्षिक सलग क्षेत्रावर, साधारण १० हेक्टरच्या पट्ट्यात घेतात. त्यामुळे एकट्याने अर्ज करण्यापेक्षा आत्माकडे (जिल्ह्याची कृषी तंत्रज्ञान व्यवस्थापन यंत्रणा) नोंदलेल्या शेतकरी गटातून जाणे सोयीचे. गावात गट नसेल तर तो करायला हे निमित्त चांगले आहे.

गोदाम आणि बीजप्रक्रिया संच

या बाबी एकट्या शेतकऱ्यासाठी नाहीत, शेतकरी उत्पादक कंपन्या आणि संघांसाठी आहेत. २५० टनांच्या गोदामाला खर्चाच्या ५० टक्के किंवा १२ लाख ५० हजार रुपये, यातले कमी ते. बीजप्रक्रिया संचासाठी १० लाखांपर्यंत. दोन्ही बँक कर्जाशी निगडित आहेत. आधी बँकेकडून प्रकल्प मंजूर करून घ्यायचा, मग तालुका कृषी अधिकारी कार्यालयात अर्ज द्यायचा. कंपनीचे नोंदणी प्रमाणपत्र, जागेचा उतारा, प्रकल्प अहवाल, नकाशा व अंदाजपत्रक, बँकेचे कर्जमंजुरी पत्र आणि लेखापरीक्षण अहवाल एकत्र जोडा. गोदामाचा आराखडा नियमातल्या मापांत बसतो का, हे अभियंत्याकडून आधीच तपासून घ्या.

तूर, उडीद, मसूर पेरणाऱ्यांनी एवढे करावे

१ ऑक्टोबर २०२५ रोजी केंद्राने कडधान्य आत्मनिर्भरता अभियान मंजूर केले. २०३०-३१ पर्यंत ११,४४० कोटी रुपये खर्चून देशाचे कडधान्य उत्पादन ३५० लाख टनांवर न्यायचे आहे. त्यात ८८ लाख बियाणे किट मोफत वाटायची आहेत, म्हणून कृषी कार्यालयात किटसाठी विचारणा करायला हरकत नाही. त्याहून मोलाची तरतूद खरेदीची आहे. नोंदणी केलेल्या शेतकऱ्यांची तूर, उडीद आणि मसूर चार वर्षे नाफेड आणि एनसीसीएफ या केंद्रीय सहकारी संस्थांमार्फत हमीभावाने पूर्ण खरेदी करायचे ठरले आहे. २०२५-२६ च्या हंगामासाठी तुरीचा हमीभाव क्विंटलला ८,००० रुपये आणि उडदाचा ७,८०० रुपये होता. हरभरा या तिघांत नाही, त्याची खरेदी निराळ्या मर्यादेत होते. ही नोंदणी महाडीबीटीवर होत नाही. ती ई-समृद्धी किंवा ई-संयुक्ती पोर्टलवर, बहुतेक ठिकाणी खरेदी केंद्रामार्फत होते, आणि सातबाऱ्यावर त्या हंगामाची पीकनोंद लागते. म्हणून ई-पीक पाहणी (मोबाइल अ‍ॅपवरून पिकाची नोंद) तूर फुलोऱ्यात यायच्या आधी, मुदतीत करून टाका. आंतरपीक असेल तर कापसाबरोबर तुरीचे क्षेत्रही वेगळे दाखवा, नाहीतर उताऱ्यावर नुसता कापूस येईल आणि केंद्रावर तूर मोजून घेतली जाणार नाही.