भाव बदलायचाय की माल वाढवायचाय? केस आणि अपसर्ट

कोल्हापुरात चप्पल लाइनीतल्या एका दुकानाचं बिलिंग मी बघतो. दिवाळीच्या तोंडावर मालकांनी चपलांच्या तीन प्रकारांच्या नव्या भावांचा कागद दिला: कापशी १८००, कुरुंदवाडी २२००, पुकरी १५००. कोड अनुक्रमे ११, १२, १३. ओळी तीन, भाव तीन, पण क्वेरी, म्हणजे डेटाबेसला दिलेला हुकूम, एकच हवी. तीन वेगळ्या अपडेटनीही भागतं, पण मालाच्या ४०० ओळी झाल्या की सर्व्हरकडे ४०० हेलपाटे होतात.

मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये यासाठी दोन वाटा आहेत आणि त्या हमखास एकच समजल्या जातात.

पहिली केसची, म्हणजे 'हा कोड असेल तर हा भाव' अशी ('माल' हे टेबलाचं नाव):

अपडेट माल सेट भाव = केस कोड व्हेन ११ देन १८०० व्हेन १२ देन २२०० व्हेन १३ देन १५०० एल्स भाव एंड व्हेअर कोड इन (११, १२, १३)

ही फक्त असलेल्या ओळींना हात लावते. कोड चुकला तर त्या ओळीचं काहीच होत नाही. मात्र एल्स आणि व्हेअर दोन्ही गाळलेत आणि कॉलमला नल चालत असेल, तर उरलेल्या सगळ्या मालाचा भाव नल, म्हणजे रिकामा, होतो. मी दोन्ही लिहितोच.

दुसरी अपसर्टची, म्हणजे ओळ असेल तर अपडेट, नसेल तर इन्सर्ट: इन्सर्ट, आणि शेवटी ऑन ड्युप्लिकेट की अपडेट. दिसायला आटोपशीर, पण मुळात ती इन्सर्ट आहे. प्रायमरी किंवा युनिक की (जी दोन ओळींत सारखी असू शकत नाही, इथं कोड) आधीच असेल तरच अपडेट, नाहीतर नवी ओळ.

मी त्या दिवशी हीच वापरली आणि १२ ऐवजी २१ टाइप केलं. एरर नाही. संध्याकाळी मालक म्हणाले, "अहो, कुरुंदवाडी जुन्याच भावानं जातीय की! आणि यादीत हे बिननावाचं काय हाय?" दिवसभराची विक्री जुन्या भावानं गेली होती. नाव कॉलम नॉट नल (रिकामा न चालणारा) आणि बिनडिफॉल्टचा ठेवला असता, तर स्ट्रिक्ट मोडमध्ये, म्हणजे चुकीला एरर देणाऱ्या कडक सेटिंगमध्ये, क्वेरी तिथंच अडली असती.

खूण समोर होती. क्वेरीनंतर किती ओळींवर परिणाम झाला हा आकडा दिसतो; त्यात मायएसक्यूएल अपसर्टमध्ये बदललेली ओळ २ मोजतं, नवी १, जशीच्या तशी राहिलेली ०. तिन्ही भाव बदलले असते तर आकडा ६ आला असता. आला होता ५.

पोस्टग्रेएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसमध्ये अपसर्ट म्हणजे ऑन कॉन्फ्लिक्ट, आवृत्ती ९.५ पासून. नुसते भाव बदलायला तिथं अपडेट फ्रॉम व्हॅल्यूज (कोड-भावाची यादी क्वेरीतच देऊन केलेलं अपडेट) केसपेक्षा वाचायला कितीतरी सोपं पडतं.

भावाच्या कागदाला आता मी केसच लिहितो. कारागिरांकडून नव्या नमुन्यांसकट यादी आली, तरच अपसर्ट.